दाराखालची चार भोकं

आश्विन लागला की गोंदियात वाहनं धुतली जातात. हलका धान पिवळा पडतो, गिरण्यांच्या धुराड्यांतून धूर निघू लागतो आणि दसऱ्याच्या चारपाच दिवस आधीपासून धुलाईच्या जागी गाड्यांची रांग लागते. या वर्षी ही रांग कुडव्याच्या रस्त्यावर, एका नव्या पत्र्याच्या शेडसमोर होती. नातवाच्या गाडीत बसून मी त्या रांगेत होतो. काचा वर करायच्या, इंजिन बंद करायचं, हात मांडीवर ठेवायचे. निळे ब्रश फिरत अंगावर येतात, काचेवर फेस पसरतो, मग पाणी, मग गरम हवा. मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं लागली.

"कसं वाटलं, आजोबा?" नातवाने विचारलं.

"डोमामामाला तीन तास लागायचे."

"कोण डोमामामा?"

पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाने हे नाव घरात एकदाही उच्चारलेलं नसावं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. गाडी शेडच्या मागच्या बाजूने बाहेर पडली. ऑफिसच्या भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचलेलं दिसलं. ते मी लक्षात ठेवलं. बातमीदारीतली ही सवय गेलेली नाही.

पंचावन्न साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाला गोंदियाच्या बातम्या पाठवत होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. बातम्यांचं पाकीट दुपारच्या गाडीने जायचं. राहायला मी आईच्या धाकट्या भावाकडे, डोमामामाकडे होतो. मामा नवेगाव बांधच्या बाजूचे, तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरातले. शेती थोरल्या भावाकडे राहिली आणि मामा गोंदियाला एका भातगिरणीत कामाला लागले. गिरणीच्या शेठजींकडे काळी, लांब नाकाची विलायती मोटार होती. बारा वर्षं ती मोटार मामांनी धुतली. दुसऱ्या कोणाचं फडकं तिला लागलं नाही.

मामांचं धुणं मी पुष्कळदा पाहिलं. गाडी बाहेरून आली की तिला आधी हात लावत नसत. कडुलिंबाखाली उभी करून तिचं अंग गार होऊ देत. मग लोट्याने टपावरून पाणी सोडत, नुसतं पाणी, न चोळता. धूळ स्वतःहून उतरली पाहिजे. फडकी मामीच्या जुन्या लुगड्याची असत, काठ कापून टाकलेली, कारण काठाचा दोरा रंगाला लागतो. हात कायम पुढून मागे, सरळ. "गाडी जाते तसा वारा जाते," ते सांगत, "वारा जाते तसाच हात गेला पायजे." चाकांची बादली वेगळी, अंगाची वेगळी. उन्हाळ्यात सालेकशाकडे तेंदूपानाच्या खरेदीला गेलेली गाडी मोहाच्या झाडाखाली उभी राहिलेली असली, तर तो चिकटा कोमट पाण्यात भिजवलेल्या रिठ्याने काढत. शेवटी पातळ कापडात गिरणीतला ताजा कोंडा बांधून ती पुरचुंडी अंगभर फिरवत. कोंड्याला तेल असतं. त्या तेलाने काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा खोल दिसायचा. अजूनही कुठे ताज्या कोंड्याचा गोडसर वास आला की मला धान आठवत नाही, ती मोटार आठवते.

यानंतर मामा गाडीशेजारी खाली बसत. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला चार भोकं होती, नखाएवढी, आडवी. बसणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत. शेठजींना एक सवय होती. धान घेऊन आलेल्या बैलगाड्यांपाशी मोटार थांबवायची, खिडकीतून हात बाहेर काढून मूठभर नमुना घ्यायचा, तळव्यावर चोळून पाहायचा आणि उरलेलं झटकून टाकायचं. त्यातले दाणे, फोलपटं, धूळ काचेच्या फटीतून दारात पडत. वरून पाणी शिरलं की सगळं खालच्या भोकांशी येऊन बसे. मामा बांबूची काडी तासून ती भोकं एक एक करून मोकळी करत. आधी गढूळ पाणी येई, मग दोनचार दाणे, मग स्वच्छ पाणी. स्वच्छ पाणी दिसेपर्यंत ते उठत नसत.

"तलाव पानी आल्यानं फुटत नाई," एकदा त्यांनी मला सांगितलं. "पानी जाले वाट नाई म्हनून फुटते. माह्या आज्यानं पाळ बांधाच्या आंदी तुडूम कुठं ठेवाचं ते पायलं. आता ह्या गाडीचे चार दरवाजे म्हंजे चार तलाव आहेत ना बा." तुडूम म्हणजे तळ्यातून पाणी सोडायची मोरी. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण एवढ्या कमी शब्दांत यंत्ररचना समजावणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

दसऱ्याला गिरणीत मोटारीची पूजा होई. बॉनेटवर पहिला कुंकवाचा टिळा धुणाऱ्याने लावायचा, मग शेठजींनी, अशी तिथली रीत होती. मामा त्या दिवशी धुतलेला सदरा घालत. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचा फोटो कधी निघाला नव्हता, देवळाच्या वर्गणीदारांत त्यांचं नाव नव्हतं. वर्षातून एकदा, दोनशे माणसांसमोर, तो एक टिळा त्यांचा होता.

त्या वर्षी शेठजींचा पुतण्या कारभारात आला. त्याला छोटेबाबू म्हणत. स्टेशनकडच्या एका पेट्रोल पंपावर पाण्याचं नवं यंत्र बसलं होतं. गाडी लोखंडी सांगाड्यावर चढवायची आणि दाबाच्या पाण्याचा फवारा मारायचा. वीस मिनिटांत चिखल साफ. ते पाहायला माणसं जमत. मीही गेलो होतो आणि त्यावर कौतुकाची बातमीही पाठवली होती. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. यंत्रावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी छोटेबाबूने शेठजींना मोटारीच्या टपापाशी नेलं. उन्हात गोल गोल बारीक ओरखडे चमकत होते.

"देखिए चाचाजी. रगड़ रगड़ के रंग उतार दिया."

मी तिथे होतो. पूजेची वेळ विचारायला आलो होतो. मी म्हणालो, "मामांचा हात सरळ चालतो, शेठजी. हे ओरखडे गोल आहेत."

शेठजी हसले. "अखबारवाले, तू गाड़ी धोता है क्या?"

मग त्यांनी मामांना हात पुढे करायला सांगितलं. हमाल थांबले, धान पाखडणाऱ्या बायका सूप धरून थांबल्या. मामांनी दोन्ही तळवे वर केले. छोटेबाबूने त्यांचं एक बोट चिमटीत धरून फिरवून पाहिलं, बाजारात बैलाचा खूर पाहतात तसं.

"इस हाथ से भैंस धोना, डोमा. मोटर मशीन धोएगी."

बारा वर्षं ज्याने आपली गाडी धुतली त्याचा हात कसा चालतो, हे शेठजींना सांगता आलं असतं. ते पानाच्या डब्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पहिला टिळा छोटेबाबूने लावला. मामांना धान वाळवायच्या अंगणात पाठवलं. तिथे दिवसभर पायाने धान फिरवत चालायचं असतं. आठवड्याभरात हमालांची पोरं त्यांना 'भैंसवाले' म्हणू लागली, दोन महिन्यांत हमालही. गावात नाव पडायला वेळ लागत नाही आणि पडलेलं नाव कोणत्याही पाण्याने जात नाही.

ओरखडे कोणाचे होते ते पुढच्या श्रावणात कळलं. शेठजींचा ड्रायव्हर बुधराम एका दुपारी भर पावसात घरी आला. मामा ओसरीत बांबूची काडी तासत बसले होते. काम गेलं तरी सवय राहिली होती. आठवड्याला एक काडी तासायची आणि वळचणीला खोचायची. तोवर तिथे झाडूएवढा जुडगा झाला होता.

"डोमाजी," बुधराम उभ्याउभ्याच म्हणाला, "गाडीच्या दरवाज्यात पानी वाजून राहिलं. ब्रेक मारला का डबडब करते. छोटेबाबू म्हन्ते, डोमाले विचारून ये."

"कोनत्या दरवाज्यात?"

"चारही."

मामांनी काडीचं टोक अंगठ्यावर तपासलं. "मंग मशीनीले विचार ना. माहा हात म्हशीचा."

बुधराम गेला नाही. पागोळ्यांखाली भिजत उभा राहिला. मग म्हणाला, "ते गोल ओरखडे माहे होते, डोमाजी. सालेकशावून येता येता तरटानं पुसलो होतो, कोरडंच. भेव वाटलं. बोललो नाई."

"माहीत आहे मले. तुहा हात गोलच फिरते."

"माहीत होतं तं बोलले काऊन नाई?"

"तू गरीब मानूस. तुह्यावर राग नाई धरलो मी. ज्यानं बारा वर्स पायलं आन तरी हात वळखला नाई, त्याच्यावर धरलो. बस, चहा पी."

बुधराम चहा पिऊन गेला. मामी आतून सगळं ऐकत होत्या. दारात येऊन म्हणाल्या, "सांगून टाका ना जी. दोन काड्या घालाचं काम. लोखंडाचा काय गुना?"

"लोखंडाचा नाई. म्हनून लोखंडाचं वाईट वाटते मले."

"आन तू रे?" मामी माझ्याकडे वळल्या. "तुले तं सारं गाव सांगाचा पगार भेटते. तू सांग ना जाऊन."

मला ती चार भोकं माहीत होती. गिरणी पाच मिनिटांच्या वाटेवर होती. माहीत असलेली गोष्ट वेळेवर सांगणं हाच माझा धंदा होता. मी छत्री घेतली, पोस्टात गेलो, पाकीट टाकलं आणि परत आलो. गिरणीच्या फाटकावरून जाताना मोटार दिसली. पावसात झळझळत होती. यंत्राने बाहेरून ती फार चांगली धुतली जात होती. दाबाचं पाणी फटीफटीतून आत जात होतं, आणि आत गेलेलं पाणी तिथेच राहत होतं.

हाताचं आणि यंत्राचं तेव्हापासून मी पुष्कळ ऐकलं, लिहिलंही. हात हळू, यंत्र जलद. हात प्रेमाने करतो, यंत्र निर्विकारपणे. यातलं दुसरं वाक्य मला कधी पटलं नाही. हाताला प्रेम असतं तशी अढीही असते. यंत्राचा अपमान करता येत नाही, म्हणून यंत्र सूड घेत नाही. मामांचे हात त्या वर्षी रोज ती मोटार धुवत नव्हते, आणि तेही त्यांनी तितक्याच काळजीने, एक दिवसही न चुकवता केलं. अंगणात धान फिरवताना गाडी फाटकातून आत वळली की त्यांचे पाय क्षणभर थांबत. ते पाण्याचा आवाज ऐकत. भाद्रपदात आवाज बंद झाला. मामा म्हणाले, "भरलं. आता हालाले जागा नाई."

छप्पन सालच्या दसऱ्याला सकाळी ऊन स्वच्छ होतं. मोटार आदल्या दिवशी पंपावरून धुऊन आणली होती. झेंडूचा हार, नारळ, गुरुजी, शेठजींच्या घरच्या बायका, दोनेकशे माणसं. धान पाखडणाऱ्या बायका जवारा शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, तळ्यावर निघाल्या होत्या आणि पूजेसाठी फाटकाशी थांबल्या होत्या. नवरात्रात टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि टोपली अंधाऱ्या खोलीत ठेवतात. नऊ दिवसांत पिवळेफिकट कोंब येतात, तो जवारा. ती देवी. शिरवेपर्यंत त्याची काडी कोणी मोडत नाही.

बायकांत बुधरामची म्हातारी आई होती. सुगंधाबाई तिचं नाव. ती गाडीला हात लावून नमस्कार करायला पुढे झाली आणि मागच्या दाराशी थांबली. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली.

"अवो माय. जवारा."

काचेच्या फटीतून, सुटलेल्या रबरी पट्टीच्या बाजूने, चार बोटं उंचीचे पिवळे कोंब वर आले होते. आठदहा असतील. आत कोंडा कुठवर साचला होता कोण जाणे. शेठजींनी तळव्यावरून झटकलेला धान अंधारात, ओलीत उगवला होता. धुणाऱ्याला तो दिसला नव्हता, कारण धुणारं यंत्र होतं. बसणाऱ्यालाही दिसला नव्हता.

छोटेबाबूने कोंब उपटायला हात घातला. सुगंधाबाईने त्याचं मनगट धरलं. "उपडू नोको, बाबू. शिरवल्याशिवाय उपडत नाई."

"अरे, ये धान है. कचरा है."

"माता कायच्यात बसन ते तुले विचारून बसते का?"

मागून एक हमाल म्हणाला, "पेरलं कोन पन?"

"शेठजीनं."

"आन पानी कोन घातलं?"

"मशीनीनं."

हसू आधी हमालांत पसरलं, मग बायकांत, मग पदराआड शेठजींच्या घरच्या बायकांत. गुरुजींनी मान खाली घातली, त्यांचे खांदे हलत होते. शेठजी देवभोळे होते. कोंब उपटू द्यावेत की नाही, हे त्यांना ठरवता येईना आणि दोनशे माणसं त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली.

"डोमा. इधर आ. निकाल इसे."

मामा आले. पाय घोट्यापर्यंत धुळीने पांढरे होते, पण अंगात धुतलेला सदरा होता. धान फिरवायला कोणी धुतलेला सदरा घालून येत नाही. मी तो तेव्हाच पाहिला. ते शेठजींसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले.

"कोन्या हातानं काढू, शेठजी? माह्यापाशी तं म्हशीचेच आहेत."

कोणी हसलं नाही. शेठजींनी पानाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. मामा थांबले होते. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते मिळेपर्यंत ते तळवे खाली घेणार नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी शेठजी हलक्या आवाजात म्हणाले, "तेरा हाथ ठीक है, डोमा."

"जोरानं सांगा जी. मागच्या साली ह्या साऱ्यायनं ऐकलं होतं."

"हाथ ठीक है तेरा." आता ते फाटकापर्यंत ऐकू गेलं.

मामा खाली बसले. फेट्याच्या घडीतून त्यांनी बांबूची काडी काढली आणि मागच्या दाराच्या पहिल्या भोकात घातली. पत्रा पापडासारखा मोडला. काळं, कुजकं पाणी बाहेर आलं आणि छोटेबाबूच्या पांढऱ्या धोतरावर उडालं. वास सुटला तसे लोक मागे सरकले. दुसरं भोक, तिसरं, चौथं. मग खालची सगळी कडच सुटून जमिनीवर पडली, तिच्यामागून ओल्या कोंड्याचा लगदा आणि त्यात मुळं धरलेले कोंब. मामांनी एकेक कोंब मुळासकट सोडवला आणि सुगंधाबाईच्या टोपलीत ठेवला. बाकीच्या तीन दारांना त्यांनी हात लावला नाही. काडी तिथेच टाकली, हौदावर हात धुतले आणि टोपल्यांच्या मागे तळ्याकडे चालू लागले. गिरणीत ते परत गेले नाहीत.

मी त्या दिवशी चार ओळींची बातमी पाठवली. गोंदियाच्या एका भातगिरणीच्या मालकांच्या मोटारीच्या दारात दसऱ्याला धान उगवलेला आढळला. मोटार वर्षभर यंत्राने धुतली जात होती. कोंबांचं विधिपूर्वक विसर्जन झालं. नाव दिलं नाही. देण्याची गरज नव्हती. शेठजींचा माणूस नागपूरला संपादकांकडे तक्रार घेऊन गेला. संपादकांनी त्याला विचारलं, यातलं चुकीचं काय आहे ते सांगा. तो परत आला. माझ्या नोकरीत मी याहून मोठ्या बातम्या दिल्या, पण लिहिताना इतका आनंद मला पुन्हा झाला नाही. त्याची लाजही कधी वाटली नाही.

शेठजींनी नवी मोटार घेतली आणि मामांना बोलावणं पाठवलं. मामांनी निरोप दिला, "सवड नाई. म्हशी धुतो." त्यांनी खरोखरच दोन म्हशी घेतल्या होत्या. तळ्यावर नेऊन ते त्यांना पुढून मागे, सरळ हाताने धूत. दूध अर्ध्या गावात जायचं. गिरणीवाल्यांच्या घरी जात नसे.

मामा जाऊन आता चाळीस वर्षं झाली असतील. भैंसवाले हे नाव अखेरपर्यंत राहिलं, पण छप्पननंतर ते घेताना माणसं 'जी' लावत.

परवा कुडव्याच्या त्या शेडमधून निघताना एक तरुण खिडकीशी आला. धुलाई केंद्र त्याचंच. वागणं सभ्य, डोळे हुशार. मी अजून आठवड्याला वर्तमानपत्रात लिहितो हे त्याला ठाऊक होतं. दोन शब्द लिहा म्हणाला. आपल्या घराण्याची ओळखही त्याने अभिमानाने करून दिली. तो छोटेबाबूचा नातू होता.

त्याने मला उतरवून हाताला धरून सगळं दाखवलं. ब्रश जर्मनीचे, पंप पुण्याचा. मागे सांडपाण्याचा खड्डा होता. मी काठी टेकवून तिथे थोडा वेळ उभा राहिलो. खड्ड्याची मोरी तळापेक्षा हातभर वर काढली होती आणि उतार ऑफिसच्या भिंतीकडे होता. भिंतीच्या पायात पाणी आतापासून मुरत होतं. मामांनी एका नजरेत सांगितलं असतं. मला दोन लागल्या.

त्या मुलाने माझं काही वाकडं केलेलं नाही. हे मला माहीत आहे.

"कुछ कमी लगी हो तो बताइए, दादाजी," तो म्हणाला. "आप लोगों की नज़र पुरानी है."

"काही नाही," मी म्हणालो. "फार चांगलं आहे."

त्याने वाकून नमस्कार केला. नातवाने गाडी काढली. पावसाळा अजून आठ महिने लांब आहे.